बिब्ब्याचा नसलेला डाग

अहो,

कंपनीतून आलात की घर रिकामं बघून घाबरू नका. आईंना महाडच्या दवाखान्यात ठेवलंय, दिशा त्यांच्याजवळ आहे. मी कपडे न्यायला आले होते, परत जातेय. भाकऱ्या टोपलीत आहेत, कालवण गरम करून घ्या.

आईंना टायफॉइड नाही. तुम्ही आणलेला टायफॉइडचा रिपोर्ट बघून दिशा म्हणाली, दुसऱ्या तापातही ही तपासणी पॉझिटिव्ह येते, एवढ्यावर भरवसा नको. मग तिने आईंच्या कमरेवरची काळी खपली बघितली. आपण सगळे तिला बिब्ब्याचा डाग समजत होतो.

"आजी, काटा टाचेत मोडला, बिब्बा टाचेला लावलास, मग डाग कमरेला कसा?"

"माला काय ठावं गो, दुखत तर नाय!"

गवत कापताना बारीक किडा चावतो, त्याची ती खपली. स्क्रब टायफस म्हणतात. दिशाने ती दाखवल्यावर डॉक्टरांनी एलायझा तपासणीला रक्त पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. पोरीची पाठ थोपटून विचारलं, शिकतेस कुठे? मी छाती फुगवून लॅबचा कोर्स सांगितला. तुम्ही तो बंद करायला निघालात, ते नाही सांगितलं.

रविवारी मुलगी बघायला येणाऱ्यांना तुम्हीच फोन करून नको म्हणा. माझं ऐकू नका हवं तर. तुमच्या आईने तापातच निरोप दिलाय, "त्याला सांग, माझी नात अजून शिकतेय."

सोनाली