कार्डावरचं कुंकू

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार

आज पुन्हा अंजनाला बाहेरून कुलूप लावून जायला सांगितलं. ती गेली बालवाडीत शिकवायला आणि नवरा आत बंद! गल्लीला वाटावं, हवालदारसाहेब कामावर गेले. दुपारी कुणीतरी कडी वाजवली. मी की-बोर्डवरची बोटं उचलून श्वास धरून बसलो. लाज वाटते, पण पुरुषमाणूस दिवसाढवळ्या घरात दिसला की लोक दहा प्रश्न विचारतात. फौजेत क्लार्क होतो, टायपिंगचा हात चांगला आहे, सांगलीच्या कंपनीने घरबसल्या काम दिलं — परदेशातल्या लोकांचे पत्ते कॉम्प्युटरवर चढवायचे, फ्लॉपी एस.टी.च्या पार्सलने सांगलीला पाठवायची. हे साताऱ्यात कुणाला समजावून सांगू?

अंजना म्हणते, "चोरी करताय व्हय? उघड्या दारानं करा की काम."

तिला काय जातं बोलायला!

९ ऑक्टोबर

बँकेचं कार्ड आलं. सांगलीवाले पगार थेट खात्यात टाकतात, तो आता मशीनमधून काढायचा. कार्डावर नाव नाही, नुसते उठावाचे आकडे. शिवाय चार आकड्यांचा एक गुप्त नंबर. तो आपल्या मनाचा ठेवता येतो म्हणून बँकेत जाऊन ठेवून आलो — माझ्या फौजी नंबरातले शेवटचे चार. विसरायचा प्रश्नच नाही.

घरात सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, कार्डाला हात लावायचा नाही आणि नंबर विचारायचा नाही. 'सगळे' म्हणजे अंजना एकटीच, पण सांगायचं ते रीतसर सांगावं.

ती म्हणाली, "आन् तुमास्नी काय बरंवाईट झालं तर?"

गोपनीय म्हणजे गोपनीय!

१२ ऑक्टोबर

पुन्हा कुलूप. पुन्हा कडी वाजली. पोस्टमन होता. पत्र परत घेऊन गेला.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

पलटणीत आज हत्यारांची पूजा असायची. इथे माझं हत्यार कॉम्प्युटर. पाटावर की-बोर्ड, माउस, फ्लॉप्यांचा डबा मांडला. आणि कार्ड — पगार आणतं ना ते! झेंडूची माळ कॉम्प्युटरला घातली, बरा दिसला.

संध्याकाळी गावाहून नानासो आला. धाकटा भाऊ, पण शेती, आई, सगळं तोच बघतो. ट्रॅक्टरचा पंप दुरुस्तीला टाकायचा होता, म्हणून दसरा इथेच करणार. पूजा बघून खूश झाला. "दादा, घरात बसून पगार? लय भारी! म्या गावात समद्यांस्नी सांगितलंय."

समद्यांस्नी! म्हणजे मी कुलूप लावून बसतो ते फुकटच.

२० ऑक्टोबर

काल सोनं लुटून झाल्यावर पाट उचलला, तर काय — अंजनाने कार्डाला ओलं कुंकू लावलेलं! बोटाने चांगलं दाबून, आकड्यांच्या खाचाखाचांत. फडक्याने पुसलं, साबणाने पुसलं, पापुद्र्यासारखं वरचं निघालं, खाचांतलं काही निघेना. नानासोसमोरच तिला वाट्टेल ते बोललो. अडाणी म्हणालो.

"देवाचं हाय, बिघडायचं न्हाई," एवढंच बोलून ती भाकरी थापायला गेली.

नानासो मान खाली घालून जेवला. पाहुण्यासमोर तोंड आवरायला हवं होतं.

२१ ऑक्टोबर

मशीनमधून पहिल्यांदा पैसे काढले! दुपारी पोवई नाक्याकडे गेलो, नानासोही बरोबर आला. काचेचं दार, आत गारेगार. नानासो म्हणाला, "मला बी दाव की, मशीन नोटा कशी वकतं ते."

मी म्हणालो, इथे एका वेळी एकच माणूस. तू बाहेर उभा राहा, दाराकडे पाठ कर आणि कुणाला आत सोडू नको. नियम आहे. नियम खरा आहे, पण खरं लिहू का? त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाचा होता, चपलांना शेण होतं, आणि ती फरशी काचेसारखी. मला लाज वाटली. माझ्याच भावाची.

आत मशीन कार्ड घेईना. दोनदा घातलं, दोनदा बाहेर. कुंकवाचा प्रताप! तेवढ्यात एक गृहस्थ आले. टाय, पॉलिश केलेले बूट, अस्सल इंग्रजी. त्यांना नानासोने अडवलं होतं म्हणे, मीच हात करून आत बोलावलं. "मे आय हेल्प यू सर?" त्यांनी कार्ड आपल्या रुमालाने खसाखस पुसलं, नंबर विचारला, बटणंही त्यांनीच दाबली. करकरीत नोटा! कार्ड परत दिलं तर लख्ख. जे अंजनाच्या साबणाने झालं नाही ते त्यांनी रुमालाने केलं. 'थँक्यू सर' म्हणताना मी सवयीने टाचा जुळवल्या.

बाहेर आल्यावर नानासोने विचारलं, "त्यो कोन हुता?"

"शिकलेला माणूस," मी म्हणालो.

घरी येऊन कार्ड पाकिटात, पाकीट ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली करदोट्याला.

२२ ऑक्टोबर

नानासो सकाळच्या गाडीने पंप घेऊन गेला. आजपासून पुन्हा कुलूप.

३० ऑक्टोबर

 पासबुक भरून आणलं. खातं रिकामं! दोन महिन्यांची सगळी टायपिंग गेली. मी काढले ते सोडून एकवीस तारखेलाच संध्याकाळी दोनदा, दोन्ही वेळा मशीनमधून.

बँकेतला मुलगा सभ्यपणे म्हणाला, कार्डही बरोबर पडलंय आणि नंबरही, काका. घरातलंच कुणीतरी असणार. नंबर कुणाला सांगितला होता का?

"कुणालाही नाही!" मी ओरडलोच. सगळी रांग वळून बघायला लागली. टायवाल्या साहेबांना सांगितला होता, हो. पण फौजेतल्या माणसाने परक्याला नंबर सांगितला हे त्या रांगेसमोर कोणत्या तोंडाने बोलू? आणि त्यांचा संबंध काय? कार्ड त्यांनी माझ्या हातात परत दिलं होतं.

मग कोण? बँकेतून आल्यापासून डोक्यात एकच. त्या संध्याकाळी ट्रंकेला किल्ली लावून मी अंघोळीला गेलो होतो, करदोटा खुंटीवर होता. नानासो घरात होता. संध्याकाळी 'पंप झाला का बघून येतो' म्हणून बाहेर गेला. मिस्त्रीला त्याने कोऱ्या नोटा दिल्या, मी पाहिल्या. आणि माझा फौजी नंबर! सगळी नोकरी आईची पत्रं तोच लिहायचा. पाकिटावर माझा नंबर त्याच्याच अक्षरात. तो नंबर त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला पाठ आहे?

असं लिहितानाही तोंड कडू होतंय.

३१ ऑक्टोबर, रविवार

गावी जाऊन आलो. जायला नको होतं.

सोप्यात आई, नानासोची बायको, ऊसतोडीचं विचारायला आलेले गावातले भाऊसो, सगळे बसलेले. मी नानासोला बाजूला घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. सरळ विचारलं, माझा फौजी नंबर तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला तांब्या खाली ठेवला.

"ठाऊक हाय की. आसामात हुतास तवा पत्र चुकू नये म्हनून रोज म्हनायचो त्यो नंबर. शेरडं राखताना बी म्हनायचो." मग म्हणाला, "पैसं काढायसाठनं न्हाई पाठ केला, दादा."

"मग कोऱ्या नोटा?"

"सोसायटीतनं उचल घेतली हुती."

भाऊसो हळूच उठून गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी पाणीसुद्धा न पिता निघालो. पाटणच्या स्टँडवर एक ओळखीचा भेटला, "काय, नानासो सांगत हुता, घरातनं पुन्याची नोकरी?" मी म्हटलं, हो. सांगलीची, पण तेवढं दुरुस्त करायचा जीव झाला नाही.

१ नोव्हेंबर

अंजनाला सांगितलं. ती म्हणाली, "भावजींनी? तुमचं डोस्कं ठिकानावर हाय का?" मी तिला गप्प बस म्हणालो. तीही बसली. पत्ते टाइप करताना आज एकही ओळ बिनचूक झाली नाही. सांगलीहून कंपनीच्या सुमंतसाहेबांचा फोन शेजाऱ्यांकडे आला, चुका फार होताहेत म्हणाले. शेजारीण निरोप देताना माझ्याकडे अशी बघत होती की चोर मीच.

४ नोव्हेंबर

नानासो आला होता. उंबऱ्याच्या आत आला नाही. रुमालात बांधलेले पैसे दाराबाहेरच्या जात्याशेजारी ठेवले. गेले होते तेवढेच; आकडा मीच सोप्यात सांगून आलो होतो.

"हे घे. मला चोर म्हन, चालंल. पर आईसमोर पुन्यांदा म्हनू नगंस. ती जेवंना झालीया."

"म्हणजे तूच—"

"मोजून घे," तो म्हणाला.

आणि मी मोजून घेतले! त्याच्यासमोर. थुंकी लावून, क्लार्कसारखे. अंजना चहा घेऊन येईपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

पैसे आले म्हणजे कबुलीच की नाही? दिवसभर स्वतःला हेच विचारतोय. अंजना म्हणाली, "कबुली न्हवं ती. तुमच्यापायी अंगावर घेतलेला आळ हाय. गाय इकली त्यांनी." तिला गावचं माणूस बाजारात भेटलं होतं. दुभती गाय. आईचा चहा तिच्याच दुधाचा.

गाय विकली म्हणजे चोरलेले पैसे उडवले असणार. असं मी म्हणालो. म्हणताना माझाच मला विश्वास नव्हता, तरी म्हणालो.

५ नोव्हेंबर

आज कुलूप लावू नको म्हणालो. अंजनाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लावूनच गेली.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

अंजनाने पूजेत मांडायला कार्ड मागितलं. सतरा दिवसांनी ट्रंक उघडली. कार्ड तिच्या हातात दिलं, तिने आकड्यांवरून बोट फिरवलं आणि दिव्याजवळ धरलं.

"आवं, हे आपलं न्हवं."

मी म्हणालो, त्या साहेबांनी रुमालाने पुसलं होतं.

"खाचंत बसल्यालं कुंकू रुमालानं निघतंय व्हय? तुमी साबनानं घासून दमला हुता की."

कार्डासोबत आलेलं बँकेचं पत्र काढून आकडे ताडले. शेवटचे आठही जुळेनात. टायवाल्याने त्याचं कुठलंतरी मेलेलं कार्ड माझ्या हातात ठेवलं होतं, आणि मी ते इतके दिवस कडीकुलपात जपलं. एकदाही बघितलं नाही.

त्याला आत मी बोलावलं. नानासोने त्याला अडवलं होतं.

नंतरही तो बाहेरच उभा होता. दाराकडे पाठ करून, मी सांगितलं होतं तसा.