रकाना सहावा : किती माणसं?

५ मार्च, बफेलो
फॉर्म माझ्या गळ्यात! लॉरेनबाई म्हणाल्या, "टोबिन, लिहिता येतं ना? मग बस." नववीत शाळा सोडलीय, हे सांगितलं नाही. टाचेचा फोड दाखवायला एका दुपारपुरता आलो होतो. तीन आठवडे झाले!

बाई निवृत्त नर्स, सत्तरीच्या. चर्चच्या तळघरात रस्त्यावरच्या लोकांचे पाय धुतात, नखं कापतात, जखमा बांधतात, कोरडे मोजे देतात. फुकट. आता चर्च म्हणतंय, एप्रिलपासून पाण्याचे-हीटरचे पैसे भरा, नाहीतर जागा सोडा. शहरातली एक संस्था असल्या कामांना अनुदान देते. तेवढीच आशा — आणि तिचा फॉर्म माझ्या हातात.

७ मार्च
सहावा रकाना — गेल्या वर्षी किती माणसांची सेवा केली? बाईंच्या वहीतल्या ओळी मोजल्या. मध्येच बर्फ उपसणारी गाडी आली, ती बघत बसलो. पुन्हा पहिल्यापासून. आठशे तेरा. पाठवला. सुटलो!

१४ मार्च
संस्थेचा फोन. "एकच नर्स आणि आठशे तेरा माणसं? पुढच्या शुक्रवारी बघायला येतो." मी खूश! बाईंनी वही उघडली.

"गाढवा, एका पायाची एक ओळ असते! डावा वेगळा, उजवा वेगळा. तू पाय मोजलेस!"

"मग निम्मे करू?"

केले. चारशे साडेसहा.

"हा अर्धा कोण?"

"मी!" कोपऱ्यातून म्हातारा ऑस्ट्रँडर ओरडला. त्याला पायच एक. तोही बादलीत.

म्हणजे माणसं चारशे सात. बाई हसल्या नाहीत. "खोटा आकडा म्हणून अर्ज बाद करतील. चूक तुझी, तोंडाने तूच सांग."

१९ मार्च
पिशवी उचलून बस स्टँडवर गेलो. पिट्सबर्गची बस उभी होती. डोनट घ्यायला वळलो, तोवर सुटली. डोनट बरा होता.

२१ मार्च
ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणजे चर्चवाले शेजारच्या स्वयंपाकघरात मासे तळणार. संस्थेच्या प्रुइट मॅडम आल्या त्या नेमक्या तेव्हाच. एकीकडे मासे, एकीकडे बादल्यांत पाय. मॅडमनी नाकाला रुमाल लावला — कशासाठी, कळलं नाही.

मी एका दमात सांगून टाकलं, "मॅडम, ती माणसं नाहीत, पाय आहेत!"

हसल्या नाहीत. "नोंदी कोण ठेवतं?"

"आता मीच."

"किती दिवस राहणार?"

मी माशांकडे बघत राहिलो.

२८ मार्च
टपाल नाही. बाई मोजे खोक्यात भरतायत. त्या भरतात, मी काढतो.

३१ मार्च
पत्र आलं. मंजूर! तळघर राहणार! ऑस्ट्रँडरने कुबडीने टेबल बडवलं. खाली एक अट — नोंदी ठेवणाऱ्याने वर्षभर इथेच राहायचं, तशी सही हवी. बाईंनी माझ्यापुढे पेन ठेवलं, पाणी तापवायला गेल्या.

सही केली.