ताईच्या करंगळीचे प्रताप

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज, पायाला पट्टी आहे.) तुझे गुडघे काय म्हणतायत? भावजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत, फक्त अब्रू तेवढी जरा नाजूक आहे. महिन्याभरात न चावणारा जोडा करून दाखवीन, असं मी भरसभेत बोलून बसलेय, आणि तसला जोडा मला येतच नाही. मला! जिच्या जोड्यांचे फोटो मासिकांच्या मुखपृष्ठावर येतात तिला!

झालं असं, की फॅशन आणि शैली या विषयावर माझं भाषण ठेवलं होतं. माझी मतं तुला तोंडपाठ आहेत. फॅशन दुकानात मिळते, शैली चालण्यात दिसते. टाच पायाला नव्हे, माणसाला उंच करते. आणि सगळ्यांत गाजलेलं म्हणजे, करंगळीला कळल्याशिवाय शैली येत नाही. (हे मी पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकलं होतं. डावा जोडा करंगळीला चावतो म्हणून बिचारी परत करायला आली होती; हे ऐकून आणखी एक जोड घेऊन गेली. तेव्हापासून ते माझं तत्त्वज्ञान झालं.) तर आमची जाहिरातवाली पोरगी हट्टाला पेटली, की बाई, निदान भाषणाला तरी स्वतःचे जोडे घाला. तुला म्हणून सांगते, मी जन्मभर कारखान्यात कापडी बुटांत वावरले. दिवसभर उभं राहायचं, तिथं नखरे कुठले! पण गेले घालून. लाल, उंच टाचेचे.

अगं, गाडीपासून व्यासपीठापर्यंत जाईतो डाव्या करंगळीला इतकं काही कळलं, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलावरचं कापड खालपर्यंत होतं, म्हणून हळूच दोन्ही जोडे काढले. काय हायसं वाटलं म्हणून सांगू! पण माझं नाव पुकारलं तेव्हा सुजलेला पाय काही केल्या आत जाईना, आणि दुसरा जोडा लाथ लागून कुठे गेला तो सापडेना. शेवटी उठले तशीच, अनवाणी. भाषणाचा कागद पर्समध्ये, पर्स खुर्चीवर आणि मी माईकसमोर, त्यामुळे तोंडातून खरं तेच निघालं. म्हटलं, बायांनो, चावतो तो जोडाच नव्हे. इतकी वर्षं मी तुम्हाला थापा मारल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका धिप्पाड बाईंनी आपले जोडे (माझेच!) काढून हातात घेतले. म्हटलं, आता हे येतायत माझ्या अंगावर. तर त्या जोडे एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मग अख्खं सभागृह! त्या भरात मी महिन्याची मुदत देऊन मोकळी झाले. इतका आनंद मला कुठल्या बक्षिसानं झाला नव्हता गं. घरी आल्यावर आमचे हे एवढंच म्हणाले, "बोललीस छान. आता कर."

दुसऱ्या दिवशी माझा पहिला साचा बाहेर काढला. साचा म्हणजे लाकडी पाय. त्यावर कातडं चढवून जोडा बेततात. माझी लहानमोठी सगळी मापं त्या एकाच जोडीवरून निघालेली, आणि ते पाय तुझे. आठवतं? स्वयंपाकघरात कागद पसरून मी तुझ्या पायांभोवती पेन्सिल फिरवत होते, आणि तू गुदगुल्यांनी गडाबडा लोळत होतीस. साचा उलटा करून बघते, तर डाव्या करंगळीला जागाच नाही! पेन्सिल तिथं आली तेव्हा बाईसाहेबांनी करंगळी उचललेली, आणि मी तशीच रेघ ओढलेली. ताई, तुझ्या गुदगुल्यांपायी देशोदेशीच्या बायका लंगडतायत, आणि मी त्याला शैली म्हणत आले! तिथेच बसून पोट धरधरून हसले. यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

बाकी सगळं क्षेम. भावजींना काढा घ्यायला सांग.

तुझी लंगडी
धाकटी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. मिळेल त्या गाडीनं निघून ये. तुझा पाय नव्यानं मापायचाय. भावजींनाही आण, तुला घट्ट धरून ठेवायला.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवताना सुचलं. दर वाढदिवसाला मी तुला जोडा पाठवते आणि तू कळवतेस, अगदी मापात बसला. कसा बसेल गं, त्याच साच्यावरचा? लगेच भाचीला फोन केला. म्हणाली, मावशी, सगळे जोडे कपाटात खोक्यांत आहेत. आई कुणाला हात लावू देत नाही, आलंगेलं की उघडून दाखवते, आणि स्वतः बाबांच्या जुन्या सपाता फटक फटक करत बाजारात जाते. लबाड कुठली! मला रडूच फुटलं. इतकी माया माझ्यावर कुणी केली नाही, ताई.

शेवटचा ता. क. : येताना त्या सपाता आण. तुझ्या पायांचं राहू दे, तू परत हसशील. मी सपातांचंच माप घेते. फक्त भावजींना कारण सांगू नकोस. आपल्याला शैली आहे असं त्यांना एकदा कळलं, की तुला घरात राहणं कठीण होईल.