रिकाम्या ट्रकचे वजन

३ ऑक्टोबर, केडगाव

आज दुपारी येथे येऊन पोहोचलो. सांगलीचे बिऱ्हाड मोडून उरलेले दिवस पुतण्याकडे काढावेत, हा निर्णय मी पुष्कळ विचारांती घेतला होता. परंतु वाल्मिकने स्थानकावर माझी पुस्तकांची पेटी ज्या सहजतेने खांद्यावर घेतली, ते पाहून वाटले की इतक्या विचाराचे कारणच नव्हते. घर पुणे रस्त्यापासून थोडे आत आहे. मला माडीवरची खोली दिली आहे. खिडकीतून अंगण, त्यापलीकडे गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावरची वर्दळ दिसते. सूनबाई दिपालीने इकडची शिपी आमटी केली होती. ती इतकी तिखट की माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते आनंदाश्रू आहेत असे तिने परस्पर ठरवून टाकले. अनुमान सदोष होते. निष्कर्ष मात्र खरा.

जेवताना वाल्मिकने मुद्दा काढला. तो आजवर दुसऱ्याचा टेम्पो चालवत आला आहे. दिवाळीनंतर पाथर्डीकडची एक ऊसतोड टोळी कारखान्यावर पोहोचवण्याचे काम त्याला मिळते आहे. त्यासाठी त्याला स्वतःची गाडी हवी. जवळच सहादेव नावाच्या गृहस्थाचे आवार आहे. तो लष्कराच्या लिलावातून निघालेल्या गाड्या विकतो. तेथील एक ट्रक वाल्मिकच्या मनात भरला आहे. पण त्याच्या मागच्या हौद्यात बायाबापड्या, लेकरे, त्यांचे संसार बसणार. गाडी घाटात दगा देणारी निघाली तर ते पाप आपल्या माथी, असे तो म्हणाला. तेव्हा तर्कशास्त्राचे मास्तर म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट काढलीत, आता एका गाडीतली काढा, तुम्ही म्हणाल तसे करीन, अशी त्याची विनंती. यावर दिपाली म्हणाली, की गाडीत नाही सापडली तर यांच्यातली काढा नाना, लई हायेत.

मला यंत्रातले काही कळत नाही. परंतु पुराव्यातले कळते. मी होकार दिला.

५ ऑक्टोबर

ट्रक पाहिला. माझा नियम एकच: विकणाऱ्याचे शब्द प्रमाण मानायचे नाहीत, डोळ्यांनी दिसेल तेवढे, आणि त्यातून न्यायाने निघेल तेवढे. वाल्मिकचा मित्र कल्याण हा फिटर सोबत होता. सहादेवने गाडीची स्तुती आरंभली की ही गाडी न्हाई, हत्ती हाय. कल्याण लगेच म्हणाला, हत्तीच हाय, खाया पन तेवढंच लागतं. सहादेव हसला नाही.

सांगाडा तपासला, कोठे जोड नाही, तडा नाही. इंजिन पहिल्या खेपेस सुरू झाले. धूर आरंभी पांढरा होता, तापल्यावर तोही गेला. ताडपत्री मागे सारली. मागच्या हौद्यात दोन्ही अंगांना बसण्याच्या लाकडी फळ्या आहेत; त्या घासून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की त्यांत आभाळ दिसते. एकच गोष्ट खटकली. गाडी मागून बसलेली आहे. रिकामी असून चाकांवरचे पाटे भरल्या गाडीसारखे सपाट झाले आहेत. पाटे म्हणजे वजन झेलणाऱ्या पोलादी कमानी. कल्याणचे मत पडले की पाटे मेले. मी म्हटले, मेले असतील तर भार काढल्यावरही सपाटच राहतील. जॅक लावून पाहा. त्याने लावला. पाटे पूर्ण कमानीत आले. जॅक काढताच पुन्हा बसले. अर्थात पाटे निर्दोष आहेत. मग भार कसला? कल्याण म्हणाला, जुनं लोखंड हाय नाना, त्याला आठवन असती. हा दृष्टान्त आहे, कारण नव्हे. मी हा मुद्दा अनिर्णित ठेवला.

निघताना वाल्मिकने मागच्या फळकुटावर, ज्याला हे लोक फाळका म्हणतात, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि म्हणाला, येतो रं. कल्याणही तसेच म्हणाला. मी माझ्या रिवाजाप्रमाणे म्हटले, जातो. वाल्मिकचा चेहरा उतरला. वाटेत त्याने मला समजावले की असे बोलू नये, अभद्र असते. मी उत्तर दिले की जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणणे हे असत्य विधान आहे. शब्द जे सांगतो त्याला बोलणारा बांधील असला पाहिजे, नाहीतर भाषा कशाला? त्याने मान डोलावली. सहादेव मात्र निरोपाचा एकही शब्द न बोलता, मागे न पाहता निघून गेला. उद्धट वाटला.

८ ऑक्टोबर

भाराचा प्रश्न काट्यावर सुटेल म्हणून ट्रक वजनकाट्यावर नेला. काट्यावरच्या माणसाने आकडा पाहून आधी माल उतरवा, असे सांगितले. माल नाही, म्हटल्यावर त्याने स्वतः ताडपत्री उचलून आत पाहिले. हौदा रिकामा होता. कागदावर रिकाम्या गाडीचे जे वजन लिहिले आहे त्याहून हे पुष्कळ अधिक भरले. काटा सदोष असेल म्हणून परतताना दुसऱ्या काट्यावर चढवला. तेथे आणखी थोडे अधिक भरले. मधल्या वाटेत डिझेल जळाले होते. वजन उतरायला हवे होते.

सहादेव म्हणाला, मिलिटरीचं लोखंड जडच असतं. लोखंड वाटेत वाढत नाही, एवढेच मी म्हणालो.

कल्याण आज येणार होता. सकाळी आवारात ग्रीस मारायला गेला, तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. मोटारसायकल तेथेच उभी आहे. फाळक्याखाली त्याच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या, जशा आपण देवळाबाहेर ठेवतो. त्याच्या आईचा वाल्मिकला दोनदा फोन आला.

९ ऑक्टोबर

निर्णय दिला. ज्या गाडीवरील भाराचा हिशेब लागत नाही तिच्यात माणसे बसवू नयेत. वाल्मिकची निराशा झाली, पण त्याने वाद घातला नाही. तो फोनवर नकार कळवणार होता. मी अडवले. आपण समोर उभे राहून वस्तू पाहिली. नकारही समोर उभे राहून द्यावा. तो गेला, आणि चहाच्या वेळेला परत आला. झाले काम, म्हणाला.

बरे वाटले. विषय संपला.

११ ऑक्टोबर

विषय संपलेला नाही.

वाल्मिक कालपासून ओट्याच्या कडेला पाय सोडून बसतो. त्याचे अंग मंद हेलकावे खाते, खड्ड्याखड्ड्याच्या वाटेने गाडीत बसलेल्या माणसाचे खावे तसे. मधूनच तो बाजूला सरकतो. जणू कोणाला जागा करून देतो आहे. दिपालीने विचारले तर म्हणाला, कल्याणने माझी जागा धरून ठेवली हाय. ती म्हणाली, कुठल्या यष्टीत? नेहमीप्रमाणे थट्टा केली तिने. तो हसला नाही. 

मी सहादेवकडे गेलो. आवाराच्या आत न जाता फाटकाबाहेर बोलावले. बराच वेळ टाळल्यावर त्याने सांगितले. नेवाशाकडचा एक शेतकरी उन्हाळ्यात हा ट्रक पाहून गेला. जाताना म्हणाला, घरी इचारून येतो. घरी व्यवस्थित पोहोचला. जेवला, झोपला, मग असाच डुलू लागला. एका दुपारी तो घरात नव्हता. त्याचा पंचा या हौद्यात सापडला. त्याच्या आधी एक मेकॅनिक, त्याच्या आधी एक मुकादम, तेही ‘येतो’ म्हणूनच गेलेले. तवापासून मी निघताना तोंड उघडत न्हाई, असे सहादेव म्हणाला. मग आम्हाला का सांगितले नाही, या प्रश्नावर तो म्हणाला, सांगितलं असतं तर गाडी कोन घेईल?

१२ ऑक्टोबर

व्याप्ती, म्हणजे कशामागून काय घडते तो नियम, मांडून पाहिली. ज्याने ज्याने ट्रकपाशी ‘येतो’ म्हटले, तो तो गेला; वाल्मिक त्याच वाटेवर आहे. ज्याने म्हटले नाही, तो राहिला: सहादेव राहिला, मी राहिलो. विरुद्ध उदाहरण शोधले. एकही मिळाले नाही. विकत घेणे न घेणे याचा येथे काडीचाही संबंध नाही. माझा निर्णय बरोबर होता आणि निरुपयोगी होता.

कारणाविषयी एक तर्क, केवळ तर्क. या गाडीत वर्षानुवर्षे जी माणसे बसली, ती घरच्या उंबऱ्यावर हाच शब्द बोलून निघाली असणार. त्यातली किती परतली, कोण जाणे. गाडीला एवढा एकच शब्द ठाऊक आहे. आणि ती आता तो बोलणाऱ्याकडून पाळून घेते.

वाल्मिकला समोर बसवून सांगितले की तो शब्द म्हणजे वचन नव्हे. रूढी आहे. बोलण्याची रीत. रीतीने कोणी बांधला जात नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, नाना, तुमीच म्हनला हुता ना, शब्द जे सांगतो त्याला मानूस बांधील पायजे.



दाराला आतून कडी घातली आहे. दिपाली दाराला पाठ लावून बसली आहे.

१३ ऑक्टोबर

गेला.

भर दुपारी. दिपाली दारातून हलली नव्हती. तिने डोळे मिटले नव्हते, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगते, जणू मी तिच्यावर आरोप केला आहे. कडी आतून तशीच. ओट्यावर, जेथे तो बसत असे, त्याच्या चपला जोडून ठेवलेल्या.

आवारात गेलो. ट्रक उन्हात उभा. ताडपत्री उचलली. हौदा रिकामा. फळ्या रिकाम्या. हाताने चाचपल्या, ऊन तेथपर्यंत पोहोचत नव्हते तरी गरम होत्या. बसून उठल्यासारख्या. किंवा न उठल्यासारख्या.

मी बोललो. आयुष्यात प्रथमच माझ्या मताविरुद्धचा पक्ष मांडला, आणि प्रामाणिकपणे मांडला. की शब्दाचा अर्थ अक्षरांत नसतो, लोकांच्या वापरात असतो. की ‘येतो’ म्हणणारा इतकेच म्हणत असतो की माझे वाईट चिंतू नका. की वाल्मिकने तो शब्द प्रेमाने उच्चारला, प्रतिज्ञा म्हणून नव्हे. जे माझ्याजवळ होते ते सगळे. ट्रकपुढे उभा राहून, मोठ्याने. सहादेव फाटकाबाहेरून पाहत होता.

बोलणे थांबले तसे पाटे करकरले. मागचा भाग किंचित हलला. बसलेल्या माणसांची ओळ सरकून घेते तसा.

जागा केली. माझ्यासाठी नाही. मी काही म्हटलेले नाही.

मग कोणासाठी?

दिपालीला सर्व सांगितले. तिने ऐकले. म्हणाली, नाना, ते परत यायचे न्हाईत का? मी खोटे बोलत नाही. नाही म्हटले. ती चुलीकडे वळून बसली. तिला उद्या माहेरी पोहोचवावे. तिच्या भावाला फोन केला आहे. तो उद्या संध्याकाळपर्यंत पोहोचेल.

१४ ऑक्टोबर, सकाळ

ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा आहे.

सहादेवला फोन केला. आवार रिकामे आहे म्हणतो. किल्ली माझ्याच खिशात हाय म्हणतो, आणि रडतो.

दिपालीला सांगितले की बाहेर जायचे नाही, खिडकीत यायचे नाही, आणि तो शब्द तर— तिने मान हलवली. तिला समजले आहे. हुशार आहे. स्वयंपाकघरात भाकरी करते आहे. हातांना काम हवे म्हणाली.

दुपार

ट्रक अंगणात. फाटक बंद आहे. ट्रक फाटकाच्या आत.

आवाज नाही. इंजिनाचा आवाज आला असता तर बरे—

भाऊ निघाला आहे. दौंडच्या पुढे आला म्हणतो.

नंतर

वाल्मिकचा आवाज. ताडपत्रीच्या आतून. नेहमीसारखाच, कामावरून आल्यावर मारतो तसा, थोडा त्रासलेला— दिपे, ए दिपे, कुठं हायेस—

मी जिन्याकडे वळेपर्यंत तिने खालून उत्तर दिले. विचार न करता. तिच्या जागी कोणीही देईल, रोज देतो. ‘येते’ नाही म्हणाली. तो शब्द तिने कटाक्षाने टाळला असेल. ती म्हणाली—

‘आले’.

आपण असेच म्हणतो. जागचे हललेलो नसतो आणि म्हणतो, आले. भूतकाळी रूप. क्रिया पूर्ण. त्यात वचन नाही की पाळायला अवधी— त्यात अवधीच नाही—

मी जिन्यावरून ओरडलो. ती ऐकेल म्हणून. तिला धरावे म्हणून.

तवा तापलेला आहे, वास येतो आहे, भाकरी जळते आहे. चुलीपाशी ती नाही. भांड्याचा आवाज नाही. बांगड्यांचा नाही.

मी काय ओरडलो?

दिपाली, थांब— एवढे निश्चित. थांब, म्हणालो, आणि त्यापुढे— घाईत— माणूस थांबवताना जे म्हणतो—

थांब, आलो.

माडीवर परत येऊन लिहायला टेबलाशी बसलो होतो. टेबल नाही. वही गुडघ्यावर आहे. खाली गुळगुळीत, गरम. उजवीकडे कोणीतरी सरकून— खांद्याला खांदा— पीठ लागलेले हात—

तिला विचारतो आहे, ती बोलत ना—

फळी हलू लाग