लघुग्रह आणि मुंग्या

१८ ऑगस्ट १९५१
आजपासून राग बंद. पेपरात आलंय, तीस तारखेला एक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार. मोठ्या वेधशाळेचीच दुर्बीण लागेल असंही छापलंय, पण ते इतरांसाठी. माझी दुर्बीण लष्करी आहे, हराजात बोली लावून घेतलेली. शिवाय आकाश बघायला मन शांत लागतं, आणि अख्ख्या अंबडमध्ये माझ्याइतका शांत माणूस नाही.

२१ ऑगस्ट
कोर्टात बद्रीनाथ कारकुनाने विचारलं, ग्रह डोक्यावर पडला तर खर्चा कोण देईल? दौत फेकून मारली. कपाळ फुटलं. रागाने नाही, शिस्त म्हणून.

२४ ऑगस्ट
जागा ठरली. शांतिलालची गच्ची. शाळेपासूनचा दोस्त. चातुर्मासात किडे मरू नयेत म्हणून हे जैन लोक दिवा लावत नाहीत. असा अंधार सरकारही देणार नाही.

शेजारच्या धर्मराजने मात्र पेट्रोमॅक्स लावला. आधी समजावलं, मग फोडला. अंगावर आला, तेव्हा हात पिरगाळला. बायको म्हणाली, तुम्ही माणसांत राहायच्या लायकीचे नाही. म्हणून तर वर बघतो.

२९ ऑगस्ट
उद्या कुणावरही हात उचलायचा नाही. बिलकुल नाही.

३० ऑगस्ट, रात्री
खपून खपून दुर्बीण नेमकी लावली. पाणी प्यायला खाली गेलो. वर येतो तर शांतिलाल पुंजणीने, त्यांच्या त्या मऊ लोकरीच्या झाडणीने, स्टँडचे पाय अलगद झाडतोय. म्हणाला, मार्तंडा, मुंग्या चढून राह्यल्या होत्या, चेंगरल्या असत्या. म्हणून स्टँड जरा सरकवला.

पुढचं नीट आठवत नाही. दुर्बीण त्याच्या खांद्यावर मोडली, एवढं खरं. दातही पडला. तो मार खात राहिला, हात उचलला नाही. पानबाई वहिनी किंचाळत जिना चढल्या. चूक सर्वस्वी त्याची. लघुग्रह गेला.

७ सप्टेंबर
काल त्यांची संवत्सरी झाली. आज हे लोक घरोघर जाऊन क्षमा मागतात. शांतिलालही आला. एक हात झोळीत, म्हणून एकाच हाताने नमस्कार. म्हणाला, वर्षात माझ्याकडून मन दुखलं असंल तर खमत खामणा. उमगली म्हणायची चूक. मोठ्या मनाने माफ केलं. चहा घे म्हणालो.

न्हाई म्हणाला. मनात काही न्हाई, पण आता घरी येत नका जाऊ, मार्तंडराव. पानबाई भिऊन राह्यली. मंग पुढच्या घरी गेला.

बायकोने विचारलं, तुम्ही मागितली का माफी? मी कशाला मागू?

संध्याकाळी सवयीने चपला घातल्या. या गावात न विचारता जावं असं माझं दुसरं घर नाही. दारात थोडा वेळ उभा राहिलो. मग चपला काढल्या.