दोहातली गोटी

रत्नागिरी
२० ऑक्टोबर २०२४

साकिब,
अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे खुशाल. अलिझाची सहामाही झाली, अम्मींचा गुडघा तसाच आहे, आणि तुमच्या दोहात म्हणे अजून उकाडा आहे. फोनवर काही विचारलं की तुमचं नेटवर्क जातं, म्हणून कागद घेतला.

शुक्रवारी आपण बोलत होतो. तुमचा कॅमेरा नेहमीप्रमाणे बिघडलेला. बोलता बोलता तुम्ही काहीतरी प्यायलात आणि बाटलीत गोटी खळखळलेली मला ऐकू आली. मग तुमचा तो लांब ‘हाऽऽ’. काय पिताय, विचारलं तर म्हणालात, “पाणी.”

दोहात पाण्याच्या बाटलीत गोटी कधीपासून घालायला लागले?

गंगारामदादांच्या कोकम सोड्याशिवाय तुम्ही असा ‘हाऽऽ’ करत नाही. निकाहाच्या दिवशीही केला नव्हतात. सुट्टीवर आलात की आधी त्यांच्या दुकानात, मग घरी, हे मी इतकी वर्षं सोसलं. एकदा थर्मासात भरून तिकडे नेलात आणि सगळा गॅस उडाला म्हणून फोनवर रडवेले झालात. तेव्हा मला त्या सोड्याचा हेवा वाटला होता. या वेळी सोड्याचा नाही वाटला.

हो, बाईचाच संशय आला. का येऊ नये?

शनिवारी दादांकडे गेले. तुमचा सोडा परदेशात जातो का हो, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाय गो बाय. माजा टेंपो देवरूखपावत. रिकामी बाटली आल्याबिगर मी दुसरी देत नाय. परदेशातून कोण आणून देनार?”

“मग देवरूखात कोण पितं?”

दादांनी टोपी काढून डोकं खाजवलं. खोटं बोलायचं असलं की ते टोपी काढतात. मी जागची हलले नाही. शेवटी म्हणाले, “एकटाच ऱ्हातो तो. कंपनीनं काढलान त्याला. ग्यारेजात लागलाय. तुला तोंड दाखवायला लाजतो.”

एकटाच! हे मी विचारलं नव्हतं. न विचारता सांगितलं, म्हणजे चोराच्या मनात चांदणं. डोळ्यांनी बघेपर्यंत मी दादांवर विश्वास ठेवणार नाही, तुमच्यावर तर नाहीच.

नोकरी गेली तर गेली. पण तुम्ही देवरूखात बसून मला दोहाचा उकाडा सांगत होतात, आणि मी इकडे प्रत्येक नमाजनंतर परमुलखातल्या माणसासाठी दुआ मागत होते. याचा मला फार राग आलाय. रडूही आलं, तेही लिहून टाकते.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या दादांच्या टेंपोतून, सोड्याच्या क्रेटमध्ये बाटल्यांच्या मधे बसून तुमच्याकडे येईल. अम्मींना अजून काही बोललेले नाही. ते तुम्हीच बोला.

रिकाम्या बाटल्या टेंपोबरोबर परत पाठवू नका. स्वतः घेऊन या. दादांना बजावून ठेवलंय, तुम्ही त्या हाती आणून दिल्याशिवाय तुम्हाला यापुढे एकही भरलेली मिळणार नाही.

दीड तासावरची,
आलिया