तुझ्या खोलीचं कुलूप

तारापूर,
२८ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. हंसा हीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सकाळपासून कानात एकच आवाज आहे. चट्. तुझी आजी गोठ्यात बसून गाईच्या कानामागचे गोचीड खुडायची आणि शेजारच्या निखाऱ्यांवर टाकायची, त्याचा हा आवाज. एक चट् झाला की मी अंग चोरून हसायचो आणि पुढच्याची वाट पाहायचो. आजी गेली, गोठा पडला, गाईचं नावसुद्धा आता चटकन ओठांवर येत नाही. आवाज मात्र जसाच्या तसा राहिला आहे.

इकडे सर्व क्षेम. आंब्याला मोहोर बरा आहे. अणुवीज प्रकल्पाच्या मालमोटारी बोईसरहून दिवसभर धावतात, त्यामुळे ओसरीवर बोट फिरवलं तर अक्षर उमटावं इतकी धूळ बसते. दांडी गावची जमना सुकट विकायला जाताना इथे टेकते तेव्हा तुझी चौकशी केल्याशिवाय टोपली उचलत नाही. तू जड उचलू नकोस. पालेभाजी खात जा. यमक ओसरीवर शेपूट हलवत पडला आहे, बरा आहे. म्हणजे, आता बरा आहे.

तुझं मागचं पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतंस, "आई म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत खरी, पण पिसवांच्या घरात तान्हा जीव कशाला न्यायचा? इकडेच करू." हंसा, ते वाचताना क्षणभर माझा घोटाळाच झाला. लग्नानंतरच्या पत्रांतून तू 'सासूबाई' लिहायचीस. या खेपेला नुसतं 'आई' होतं. तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी एका ओळीपुरतं मला वाटलं की तीच बोलते आहे. मग पुढे 'पिसवांचं घर' आलं आणि कळलं, या वेगळ्या.

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. संक्रांतीला त्या आल्या होत्या, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून दोनदा पोटरी खाजवली हे मीही पाहिलं. पालघरला त्यांच्याकडे शहाबादी फरशी. आपल्याकडे शेणाची जमीन. पण याच जमिनीवर तू रांगलीस, आणि तुला काही झालं नाही.

असो. मी मनाशी म्हटलं, पिसवा हेच कारण असेल ना, तर पिसवाच ठेवत नाही. कारण संपलं की लेक घरी.

यमकला कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं. कानातले गोचीड चिमट्याने काढून रॉकेलच्या डबीत टाकले. मग वाण्याकडून पिसवांची पावडर आणली आणि त्याला शेपटीपर्यंत माखलं. जमना दारात उभी राहून बघत होती.

"मास्तर, कुत्र्याला पीठ लावलंत. आता तेल तापवायचं हाय का?"

"जमनाबाई, ही पावडर आहे. पिसवांची."

"तरी म्हनलं, बामणाघरी तळण कसलं? हंसाताई येनार हाय ना बाळंतपणाला?"

"येणार म्हणजे काय? येणारच," मी म्हणालो. ती गेल्यावर पावडरीचा आणखी एक हात मारला.

चार दिवस यमक शांत होता. पाचव्या दिवशी परत मागच्या पायाने कान झोडू लागला. पुन्हा न्हाऊ, पुन्हा पावडर, पुन्हा तेच. मग तो जेवेना. हिरड्या पांढऱ्या पडल्या. ओळ संपली की मागोमाग येतो म्हणून तू ज्याचं नाव यमक ठेवलंस, तो मला फाटकापर्यंत पोचवायलाही उठेना. तेव्हा मात्र मी घाबरलो. त्याला टांग्यात घातलं, बोईसरला गाडी पकडली आणि पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं.

हो, पालघरला. तुला कळवलं नाही. वाचून रागावशील, पण आधी सगळं ऐक.

स्टेशनवरून दवाखान्याकडे जाताना तुमची आळी लागते. मनात होतं, आधी तुला भेटावं, मग डॉक्टर. कोपऱ्यावर वळलो तर तुम्ही दोघी ओट्यावर होतात. तू खालच्या पायरीवर, त्या वरच्या. त्या तुझी वेणी घालत होत्या. त्या काहीतरी बोलल्या आणि तू मान मागे टाकून हसलीस. तुझी आई गेल्यापासून तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर तू हसतेस, पण मान मागे टाकत नाहीस.

मला आनंद व्हायला हवा होता ना? बापाला आणखी काय हवं असतं? पण माझ्या पोटात नुसतं रॉकेल पेटलं. वाटलं, या बाईने माझं घर पिसवांचं ठरवलं, आई हा शब्द घेतला, आता हे हसूही घेतलं. यमकने तुझा वास ओळखला, तशा अशक्तपणातही दोरी ओढू लागला. मी त्याला काखेत मारलं आणि मागल्या गल्लीने निघून गेलो.

दवाखान्यात डॉक्टर भगवंतराव बराच वेळ काही सांगत होते. मी मान हलवत होतो. डोळ्यांसमोर मात्र ती वेणी. यमकला सुई टोचली, औषध दिलं, मी घरी आलो.

आठवडा बरा गेला, आणि पुन्हा गोचीड. आता मी दोष कुणाकुणावर टाकला म्हणशील! प्रकल्पाच्या चाळींतल्या कुत्र्यांवर, जमनाच्या टोपलीवर, आणि सांगायला लाज वाटते, पण संक्रांतीला आलेल्या तुझ्या सासूबाईंच्या शालीवरसुद्धा.

मग एके दिवशी पाळणा काढावा म्हणून तुझ्या खोलीचं कुलूप उघडलं. तुला ठाऊक नसेल, पण तुझं लग्न झाल्यापासून ती खोली मी बंद ठेवली आहे. तुझी गोधडी तू टाकलीस तशीच खाटेवर. रिबिनी खुंटीला. मलेरियाचे फवारणीवाले आले तेव्हा घरभर फवारू दिलं, पण या खोलीला हात लावू दिला नाही. "आत कोणी राहत नाही," असं सांगून त्यांना वाटेला लावलं. सारवणसुद्धा केलं नाही, न जाणो, तुझ्या पावलांची माती निघून जायची.

आत चार पावलं टाकली असतील नसतील. धोतराकडे पाहिलं तर गुडघ्यापर्यंत तीळ पेरल्यासारख्या पिसवा. भिंतीच्या भेगांत गोचीड, काही दाण्याएवढे फुगलेले. आणि गोधडीवर यमक. खिडकीची मोडकी फळी सरकवून तो रोज दुपारी आत येत असणार. तुझा वास उरला होता ना तिथे. मी पुढच्या दारी त्याला न्हाऊ घालत होतो, आणि तो मागच्या खिडकीने तुझ्याकडे येऊन पुन्हा गोचीड अंगावर घेत होता.

उभ्याउभ्याच दोन ओळी सुचल्या. सवय जात नाही:

तुझ्या खोलिला लाविले मीच टाळे,
पिसूंनी तिथे मांडले खेळ-चाळे.

दुसऱ्या दिवशी यमकला न घेता एकटाच भगवंतरावांकडे गेलो. या खेपेला आळी टाळून नाही, पण मान खाली घालून. ते हसले.

"मास्तर, हे सगळं मागल्या वेळी सांगितलं होतं. तुम्ही नंदीबैलासारखी मान हलवत होतात. तुमच्या वर्गात असं कोणी केलं असतं तर?"

"छडी," मी म्हणालो.

"मग हात पुढे करा आणि ऐका. कुत्र्यावर दिसतात ते थोडे. बाकीचे घरात, अंड्यांत. कुत्रा आणि घर एकाच दिवशी साफ करायचं. अंथरूण उकळायचं, भेगा बुजवायच्या. आणि पंधरवड्याने पुन्हा सगळं, कारण अंडी तोवर फुटतात. एकदा करून थांबलात तर न केल्यासारखं."

तर हंसा, तुझी गोधडी मी उकळली. पाणी काळं झालं. ती वाळत घातली तेव्हा तिला नुसता उन्हाचा वास येत होता, आणि मी तो पुन्हा पुन्हा घेऊन पाहिला. भेगांत चुना भरला. खाटेच्या सुंभावर उकळतं पाणी ओतून ती उन्हात टाकली. जमनाने जमीन सारवून दिली. ती म्हणाली, "मास्तर, तुमी खोली देवघर केली. देवघरालाबी झाडू लागतो." पंधरवडा झाल्यावर पुन्हा सगळं केलं. आज सकाळी पांढरं धोतर नेसून खोलीभर फिरलो, खाली बसलो, मांडी घालून चांगला वेळ काढला. धोतर पांढरंच राहिलं. बाळाच्या पाळण्यापासून लांब, कोपऱ्यात वेखंड ठेवलं आहे. यमकला पावडर लावायची ती आता अंगणातच, आणि तो बाळाच्या खोलीत येणार नाही. खिडकीची फळी ठोकली.

सुईण रत्नाबाई पलीकडच्या घरात आहे, तिला बोलून ठेवलं आहे. तूप कढवलं आहे. खोलीत आता तुझं म्हणून काही उरलेलं नाही, फक्त जागा आहे.

'ये' असं लिहिणार होतो. पण ती वेणी आठवते आणि हात थांबतो. तिथे तू हसतेस. इथे मी तुला काय देणार? सारवलेली जमीन, आणि भुजंगप्रयातातल्या दोन ओळी. तुला तिथंच राहायचं असेल तर

दार वाजलं म्हणून उठलो होतो. हंसा, दारात तुझ्या सासूबाई आहेत. गोजराबाई, एकट्या, बसच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या. मी 'या' म्हणायच्या आधीच म्हणाल्या, "मास्तर, आधी खोली दाखवा. मी नको म्हटल्यापासून पोर ताटावर बसून रडते. वरून मला हसून दाखवते. ते हसणं मला नाही बघवत. घर राहण्याजोगं असेल तर तिला पोचवते. आणि बाळ होईपर्यंत मीही इथेच राहीन, चालेल ना?"

त्या पाय धूत आहेत, तेवढ्यात हे लिहितो आहे. मला दोघींची जागा करावी लागेल. पत्र पोस्टात टाकत नाही, त्या तुला आणायला परत जातील तेव्हा त्यांच्याच हाती देतो. पाकिटाला डिंक लावणार नाही. वाचायचं असेल तर त्यांनीही वाचावं.

तुझा,
बाबा